कोरड्या जागी ठेवलेला आवाज

कपाटातून काढली तेव्हा डिस्क हाताला कोमट लागली. कडकबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीतलं ते कपाट होतंच तसं. भिंतीपलीकडे वाफेचा बॉयलर होता आणि दुकान उघडल्यापासून शटर पडेपर्यंत तो धुमसत असायचा. त्या कपाटात काहीही ठेवा, कोरडं ठणठणीत राहायचं. म्हणून तर ती जागा निवडली होती. जुन्या घरात ओलीनं त्यांचे सगळे फोटो खाल्ले होते. अल्बम उघडला की पानाला पान चिकटलेलं आणि माणसांच्या तोंडावर बुरशीचे ठिपके. तेव्हापासून ओल ही त्यांची सात जन्मांची वैरीण. जे जिवापाड जपायचं ते बॉयलरमागच्या कपाटात, हा घरचा कायदा झाला होता.

कडकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या इस्त्रीची घडी कागदासारखी कडक असायची आणि उधारी मागणाऱ्याशी बोलणंही तसंच, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं ते नाव. त्यांना ते आवडायचं, पण तसं त्या कुणाला कळू देत नसत.

काउंटरवरच्या कॉम्प्युटरला त्यांनी डिस्क जोडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर एक चौकट आली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

बोट ‘हो’वर गेलंच होतं. कॉम्प्युटर काहीतरी मागतोय, देऊन टाकावं, म्हणजे पुढे सरकेल, असं सरळ मन. पण ‘फॉरमॅट’ हा शब्द कुठेतरी खटकला. धाकट्या भाऊजींनी एकदा त्यांचा फोन फॉरमॅट केला होता आणि फोन हातात आला तो कोऱ्या पाटीसारखा. कडकबाईंनी बोट असं मागे घेतलं, जणू तापलेल्या इस्त्रीला लागलं. वायर उपटली.

त्या डिस्कमध्ये त्यांच्या नवऱ्याचा आवाज होता. दुसरीकडे कुठेच नव्हता.

नवरा ड्रायव्हिंगचा मास्तर. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलेलं. समोरून ट्रक अंगावर येत असला तरी मास्तर म्हणणार, “हळू. घाई नाही. आता ब्रेक.” शिकणाऱ्याच्या पायातली थरथर त्या आवाजानं थांबायची. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक जाड चोपडी हातात दिली. त्यातली वाक्यं वाचून रेकॉर्ड करून ठेवा, पुढे-मागे उपयोगी पडतील. भाऊजी लग्नाचे व्हिडिओ करायचे, त्यांच्याकडे माईक होता, बंद खोली होती. तिथे बसून मास्तरांनी सगळी वाक्यं वाचली आणि भाऊजींनी ती आपल्याकडच्या एका डिस्कवर घालून वहिनींच्या हवाली केली.

ऑपरेशननंतर मास्तरांना त्या रेकॉर्डिंगचं नावही नको झालं. गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं होतं. ते गुणगुणायचं आणि ओठ हलवले की त्यातून शब्द निघायचे, सगळे एका सुरात, डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखे. त्या आवाजाला शिकाऊ माणूस दचकायचा, म्हणून शिकवणं सुटलं. डिस्क कपाटात गेली आणि वर्षं गेली. मास्तर दुकानात कपड्यांना चिठ्ठ्या लावायला लागले. मन लावून लावायचे, आणि तेच कडकबाईंना बघवत नसे.

आणि परवा त्या वाचा-उपचारवाल्या बाईंचा फोन आला. आता रेकॉर्डिंगवरून माणसाचा स्वतःचा आवाज बनवता येतो, फोनवर टाइप केलं की तो बोलतो. “ती जुनी वाक्यं आहेत ना? घेऊन या.” मास्तरांनी ते ऐकलं आणि त्याच दुपारी एक पुठ्ठा कापून त्यावर चौकोन आखले. हळू. ब्रेक. आरसा बघ. क्लच सोड. गाडीत बसून टाइप कोण करणार? ठरलेल्या वाक्यांची बटणं हवीत आणि ती न बघता दाबता यायला हवीत. डोळे मिटून पुठ्ठ्यावर अंगठा फिरवत बसलेला नवरा बघून कडकबाई बॉयलरजवळ जाऊन उगाच झडप घट्ट करून आल्या होत्या.

आता त्यांनी भाऊजींना फोन लावला.

“केबल गेली असेल वहिनी,” भाऊजी म्हणाले. “ती डिस्क जाणार नाही. माझ्याकडे रोज चालायची, कधी दगा दिला नाही.”

ते केबल घेऊन आले. नव्या केबलनं डिस्क एकदा दिसली. आतले दोन फोल्डर डोळ्यांसमोर आले, ‘वाक्यं’ आणि ‘संध्याकाळ’. भाऊजींनी पहिल्यावर टिचकी मारली, पडदा गोठला आणि डिस्क नाहीशी झाली.

“दुरुस्तीचं एक सॉफ्टवेअर आहे, ते चालवून बघतो.”

“हात लावू नका.”

“अहो वहिनी, पण...”

“भाऊजी, शर्टावर डाग पडला की आधी घासायचा नसतो. कशाचा आहे ते बघायचं असतं. तुमच्याकडची प्रत कुठे आहे?”

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “सीझन सुरू झाला होता. जागा लागत होती. म्हटलं, तुमच्याकडे आहेच की.”

त्या दिवशी जेवताना मास्तरांनी यंत्र गळ्याला लावून विचारलं, “मिळाली?”

“कपाटात सामान फार झालंय. शोधते.”

मास्तरांनी मान हलवली. कडकबाईंनी ताटात खाली बघत घास गिळला. गिऱ्हाइकाशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. कपडा जळला तर जळला म्हणून सांगायच्या. आणि हे घरच्या माणसाशी, समोरासमोर.

दुसऱ्या दिवशी दुकान शेजारणीवर सोपवून त्या भाऊजींबरोबर बंद पडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या डिस्कवालीकडे गेल्या. चष्म्याच्या दुकानाच्या वर तिची खोली होती. दार उघडताच गार हवा अंगावर आली. आतला एसी थांबतच नसावा. टेबलावर उघडी पोटं पडलेली यंत्रं आणि भिंग लावलेला दिवा. बाई वयानं लहान पण बोलायला फटकळ. खुर्ची सरकवून तिनं विचारलं, “किती वेळा जोडून बघितलीत?”

“बऱ्याच वेळा,” भाऊजी म्हणाले.

“सगळे असंच करतात. बंद पडलेल्या माणसाला हलवून हलवून उठवायचं. कुठे ठेवली होती?”

कडकबाईंनी अभिमानानं सांगितलं. अगदी कोरड्या जागी. बॉयलरच्या मागे. कधी काढली नाही, कधी कुणाला हात लावू दिला नाही.

डिस्कवालीनं त्यांच्याकडे बघितलं, मग डिस्ककडे. “आणि त्याआधी? नवी घेतली होती?”

“माझी होती,” भाऊजी म्हणाले. “व्हिडिओच्या कामाला. भरायची, पुसायची, परत भरायची.”

तिनं डिस्क आपल्या यंत्राला जोडली. ते यंत्र डिस्कला विचारत होतं, किती वापर झालाय, आत काय दशा आहे. एक आकडा आला आणि डिस्कवालीनं तोंडातल्या तोंडात ‘हं’ केलं.

“आता नीट सांग,” कडकबाई म्हणाल्या. “मला समजेल असं.”

“यात फिरणारी तबकडी नसते. बारीक बारीक खाचा असतात, मोजता येणार नाहीत इतक्या. प्रत्येक खाचेत थोडीशी वीज कोंडलेली. कुठे जास्त, कुठे कमी, त्यातच तुमचं सगळं लिहिलेलं. नवी असते तेव्हा खाचांच्या भिंती धड असतात. लिहा-पुसा करत राहिलं की त्या झिजतात. यांच्याकडे भरपूर झिजली. झिजलेल्या भिंतीतून वीज हळूहळू पाझरते. आणि गरम जागी जास्त पाझरते.”

“पण वापरली नाही ना आम्ही. जपून ठेवली.”

“वापरात असती तर हिला अधूनमधून वीज मिळाली असती. चांगली डिस्क विझत आलेलं स्वतःच पुन्हा लिहून ठेवते. बंद ठेवली की ती काय करणार? झिजलेली, बंद आणि गरम. यातलं एकच असतं तर निभावलं असतं कदाचित. तिन्ही जुळून आलं.”

कडकबाई स्टुलावर बसल्या. मग भाऊजींकडे वळल्या. “झिजलेली दिलीत आम्हाला.”

“चालत होती हो वहिनी,” भाऊजींचा आवाज खाली गेला. “चालत्या वस्तूला म्हातारी कोण म्हणतं?”

“भांडण बाहेर,” डिस्कवाली म्हणाली. “मला आधी एक सांगा. दोन फोल्डर आहेत. ही उठतेय, थोडं वाचू देतेय, परत झोपतेय. आत कुठे काय ठेवलंय याचा नकाशाही तिच्यातच असतो. तो फाटला की कायमची झोपेल. मी थोडं थोडं करून काढेन, पण कुठलं आधी काढू?”

कडकबाईंना उत्तर ठाऊक होतं आणि ते त्यांना द्यायचं नव्हतं.

‘वाक्यं’ म्हणजे मास्तरांनी चोपडीतून वाचलेली. स्वच्छ, ठाशीव, पाठ म्हणणाऱ्या मुलासारखी. ‘संध्याकाळ’ म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची. वाचन संपलं होतं आणि माईक चालूच राहिला होता. मास्तर एका शिकाऊ वकिलाची गोष्ट सांगत सुटले होते, ज्यानं गाडी थेट आपल्याच साहेबांच्या फाटकावर घातली आणि उतरून फाटकाला नोटीस देतो म्हणाला. सांगता सांगता मास्तर स्वतःच हसायला लागले, थांबेनात, आणि मग सगळेच हसले. पोट दुखेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चोपडीतल्या वाक्यांमध्ये हसणं कुठेच नव्हतं. कडकबाईंनी ते रेकॉर्डिंग एकदाही ऐकलं नव्हतं. आहे, एवढंच त्यांना पुरत होतं.

त्या जिन्यात गेल्या आणि मास्तरांना निरोप टाइप केला. ‘या. मी खोटं बोलले. इथे सांगते.’ खाली पत्ता लिहिला.

मास्तर आले ते जिना चढून धापा टाकत. भाऊजींनी सांगायला सुरुवात केली, पण कडकबाईंनी त्यांना अडवलं आणि स्वतः सगळं सांगितलं, कपाटासकट. मास्तर ऐकत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त डिस्क दुरून न्याहाळली, रस्त्यात बंद पडलेली दुसऱ्याची गाडी बघावी तशी. मग यंत्र गळ्याला लावलं.

“किती चालेल?”

“सांगता येत नाही,” डिस्कवाली म्हणाली. “टाकीचा काटाच मोडलाय.”

मास्तरांना ते पटलं. “वाक्यं आधी.”

“अहो,” कडकबाई म्हणाल्या, “आणि संध्याकाळ?”

“पेट्रोल उरलं तर.”

“मला ती हवीय.” हे त्या इतक्या हळू बोलल्या की भाऊजींनी मान वळवली. “वाक्यं सगळ्यांसाठी आहेत. शिकणाऱ्यांसाठी, बँकेतल्या माणसासाठी. संध्याकाळ माझी आहे.”

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. यंत्र गुणगुणत होतं, शब्द नव्हते. मग आले ते दोनच. “मला बोलायचंय.”

कडकबाईंनी डिस्कवालीला खूण केली. कर सुरू.

पडद्यावर एक हिरवी रेघ निघाली. थोडी पुढे गेली, अडली, पुन्हा सरकली. जिथे काही केल्या वाचता येईना तो तुकडा यंत्र सोडून द्यायचं आणि तिथे काळा ठिपका उमटायचा. एक ठिपका म्हणजे मास्तरांच्या तोंडचा एखादा शब्द, कदाचित अर्धा. कडकबाई ते ठिपके बघत होत्या आणि त्यांना जुन्या अल्बममधली बुरशी आठवत होती. मग रेघ थांबली ती थांबलीच.

“गेली?” भाऊजींनी विचारलं.

“झोपली. वीज काढते. जरा निवू दे.”

खालच्या दुकानात चष्म्याची काच घासायचं चाक फिरत होतं, त्याची घरघर जमिनीतून पायाला लागत होती. डिस्कवालीनं पुन्हा जोडली. काही नाही. पुन्हा काढली, पुन्हा जोडली. भाऊजींना बघवेना, ते उठून जिन्यात गेले. कडकबाईंच्या लक्षात आलं की मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला आहे, शिकाऊ माणूस चुकला की शेजारच्या ब्रेकवर दाबायचे तसा.

“उठली,” डिस्कवाली म्हणाली.

असं तीनदा झालं, का चारदा. दर वेळी ती उठायला जास्त वेळ घ्यायची आणि कमी चालायची. दुपार कलली तेव्हा रेघ टोकाला पोचली. डिस्कवालीनं मधलंच एक वाक्य लावून बघितलं आणि खोलीत मास्तर बोलले. “नदीच्या पलीकडे एक जुनी गिरणी आहे.” एवढंच. नदीशी आणि गिरणीशी कुणाचा काही संबंध नव्हता. जिन्यातून भाऊजी धावत आत आले आणि दारातच उभे राहिले. मास्तरांनी डोळे मिटले होते.

“बहुतेक सगळं आलंय,” डिस्कवाली म्हणाली. “मध्ये मध्ये भोकं आहेत, पण आवाज बनवायला पुरेल असं वाटतं. आता दुसरं?”

कडकबाईंनी मान डोलावली. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं.

दुसरी रेघ निघाली. बोटभर चालली. मग यंत्रानं एक बारीक टक्क केलं आणि पडदा रिकामा झाला. डिस्कवालीनं तिला निववली, उलटी केली, वेगळ्या जागी जोडली. पुढे दोन दिवस ती आपल्याकडे ठेवून घेऊन तिनं जे येत होतं ते सगळं केलं. डिस्क पुन्हा उठली नाही. ‘संध्याकाळ’मधून हाती लागलं ते एवढंच: खुर्ची सरकल्याचा आवाज, भाऊजींचं “माईक बंद केला का?” आणि मास्तरांचं “मला काय विचारतोस.” पुढे शांतता.

डिस्कवालीनं वाक्यांच्या दोन प्रती करून दिल्या, दोन वेगळ्या नव्या डिस्कवर. “एक तुमच्याकडे, एक दुसऱ्याच्या घरी. गार जागी. आणि दर थोड्या महिन्यांनी जोडून सगळं उघडून बघायचं. नुसतं जपलं म्हणजे जपलं जात नाही.”

घरी आल्यावर कडकबाईंनी बॉयलरमागचं कपाट रिकामं केलं. घराची कागदपत्रं, मुलीच्या लहानपणीचे कपडे, सासूबाईंचं घड्याळ. सगळं बाहेर काढून बिछान्यावर मांडलं आणि त्याच्यासमोर बसून त्या रडल्या. मास्तर दारात येऊन उभे राहिले, मग आत येऊन शेजारी बसले. यंत्र त्यांनी बाहेरच ठेवलं होतं.

आवाज तयार व्हायला काही आठवडे लागले. जो आला तो मास्तरांचाच होता, जरा घाईतला. ‘ण’ म्हणताना अडखळायचा आणि त्याला हसता येत नव्हतं. पण “हळू. घाई नाही. आता ब्रेक” हे त्याला चांगलं जमायचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकानं एक शिकाऊ बाई दिली. पहिल्या दिवशी मास्तर परत आले तेव्हा शर्ट घामानं चिंब होता. गाडी वळणावर बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले, तेव्हा तिनं बटणाच्या आवाजाकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं ऐकलं आणि गाडी काढली, हे त्यांनी टाइप करून करून सांगितलं. कडकबाईंनी तो शर्ट स्वतः धुतला.

भाऊजींशी बोलणं मात्र तुटक झालं होतं. दुसरी डिस्क त्यांच्याच घरी ठेवायचं ठरलं आणि ती पोचवायचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं.

चार-आठ दिवसांनी कडकबाई गाडीतून पिशवी काढायला गेल्या. गाडी दुकानासमोर उन्हात उभी. समोरचा कप्पा उघडला तर आत डिस्क. हात लावला तर चटका बसला.

त्या तरातरा आत आल्या. मास्तर काउंटरमागे चिठ्ठ्या लावत होते.

“ही गाडीत? या उन्हात? अहो, तुमच्या डोळ्यांसमोर झालं ना सगळं? त्या मुलीनं काय सांगितलं होतं? भाऊजींचं घर काय परदेशात आहे?”

मास्तर टाइप करायला लागले. ऑपरेशन झाल्यापासून कडकबाईंनी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. भुंग्याच्या आवाजात बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं. दया आडवी यायची आणि तोंडातला शब्द तोंडातच राहायचा.

“विसरलो,” फोन म्हणाला. “उद्या देतो. तूच तर बॉयलरमागे ठेवली होतीस.”

यंत्रातून तेच शब्द आले असते तर त्यांनी ते कानाआड केले असते. पण हा त्यांचा खरा आवाज होता आणि तो लागला. बरोबर जिथे लागायचा तिथेच लागला.

“हो. ठेवली,” त्या म्हणाल्या. “आणि जन्मभर मला ते सलणार आहे. म्हणून तर सांगतेय. झिजलेली देणारा तुमचाच भाऊ. मी निदान जपत होते.”

मास्तरांची बोटं चालू होती. “भावाला मध्ये आणू नकोस.”

“का आणू नको?”

“मग ठेवू कुठे? फ्रीजमध्ये?”

“फ्रीजमध्ये ओल धरेल.”

“ओल, ओल. आयुष्यभर तुझी ओल ऐकतोय.”

“ऐकत असतात तर बरं झालं असतं.”

मास्तर चिडून पुढचं टाइप करत होते, चुकत होते, पुसत होते, पुन्हा लिहीत होते. तेवढ्यात काउंटरवर कुणीतरी घंटी वाजवली. कोट न्यायला आलेला एक गृहस्थ आत डोकावत होता. कडकबाई बाहेर आल्या. त्यांचे गाल लाल झाले होते. मागून मास्तरांचं वाक्य पूर्ण झालं आणि आवाज दुकानभर घुमला, “आणि गाडीची किल्ली कुठे ठेवलीस ते आधी सांग.”

“आत कोण आहे?” गृहस्थानं विचारलं.

“नवरा,” कडकबाई म्हणाल्या. “भांडतोय.” आणि त्या त्याचा कोट शोधायला लागल्या.